दांडी, पिन आणि मोकळीक : एका जुन्या ब्रेकचा इतिहास

ज्यांचे बालपण काळ्या, उंच सायकलींच्या सहवासात गेले त्यांना ब्रेक ही वस्तू कोणी समजावून सांगावी लागली नाही. मुठीखालची पट्टी बोटांनी ओढावी, तिला जोडलेली दांडी वर सरकावी आणि दांडीच्या टोकाला असलेल्या नालासारख्या कडीतील दोन रबरी ठोकळ्यांनी चाकाची कड आतल्या बाजूने धरावी. सारा व्यवहार डोळ्यांदेखत. ब्रेक लागेनासा झाला तर कारणही डोळ्यांनाच दिसे. ठोकळा झिजलेला असे, बोल्ट सरकलेला असे, किंवा पावसाने कड ओली झालेली असे. सायकलवाल्याकडे जाण्याआधी आपणच पाना घेऊन दांडी अर्धा इंच वर घ्यायची आणि पुन्हा उतारावर सुटायचे. प्रस्तुत लेखाचा विषय हा अर्धा इंच आहे.

मोटारींतही एकेकाळी अशाच दांड्या होत्या, हे आम्हांला वाचून ठाऊक होते. पाहून मात्र अलीकडेच कळले. आमच्या एका मित्राच्या घरी त्याच्या आजोबांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ए गाडी आहे. अनेक वर्षे ती वाड्याच्या पडवीत पोत्यांखाली होती. ती रस्त्यावर आणण्याचा घाट तिघांनी घातला. तिघेही पेशाने भाषेचे अध्यापक, म्हणजे पान्यापेक्षा पुस्तकावर अधिक विश्वास असणारे. इंजिन एका जाणत्याने चालू करून दिले. ब्रेकचे काम मात्र, दांड्याच तर आहेत, म्हणून आम्ही स्वतःकडे घेतले. गावाबाहेरच्या उतारावर ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढू लागली. निदान सोपे वाटले: डावे चाक कमी धरते आहे. आम्ही गाडीखाली शिरून डाव्या पुढच्या चाकाच्या दांडीची पिन काढली, टोकाची बेचकी दोन आटे आत फिरवली, म्हणजे दांडी तेवढी आखूड केली, आणि पिन परत बसवली. गाडी सरळ थांबली. आम्ही कृतकृत्य झालो. चार किलोमीटर गेल्यावर जळल्याचा वास आला. डाव्या चाकाच्या ड्रमला हात लावता येईना.

या फजितीतून आम्ही ब्रेकच्या इतिहासाकडे वळलो. त्यामुळे पुढील विवेचनात तटस्थ अभ्यासकाचा सूर सर्वत्र सापडेलच असे नाही.

मॉडेल ए च्या आधीची, १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी नग खपलेली मॉडेल टी ही गाडी ब्रेकच्या बाबतीत आजच्या चालकाला चक्रावून टाकील. तिला तीन पेडले होती. डावे गिअरसाठी, मधले गाडी मागे नेण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी. हा ब्रेक चाकांवर नव्हताच. गिअरच्या पेटीतल्या एका ड्रमभोवती पट्टा आवळून तो गाडी थांबवीत असे. मागच्या चाकांवरचा ब्रेक हाताच्या दांड्याने लागे. पुढच्या चाकांना काहीच नव्हते. त्या काळी यात गैर काही वाटत नसे. पुढच्या चाकांवर ब्रेक लावणे धोक्याचे आहे, चाक अडकले तर सुकाणू हातचे जाईल, अशी समजूत सार्वत्रिक होती. आणि ती निव्वळ अडाणीपणाची नव्हती. अडकलेले चाक घसरते, आणि घसरणारे चाक वळत नाही, हे आजही खरेच आहे. ज्यांना ब्रेक लावायचा त्याच चाकांना वळायचेही असते. तेव्हा वळत्या चाकापर्यंत दांडीची ओढ न्यायची कशी हा दुसरा प्रश्न होता.

युरोपात या प्रश्नांची उत्तरे पहिल्या महायुद्धाच्या आधीच शोधली गेली होती. ४ जुलै १९१४ रोजी फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळ झालेली ग्रां प्री शर्यत या दृष्टीने मोठी बोलकी आहे. प्यूजो, देलाज आणि फियाट यांच्या गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक होते. मर्सिडीजच्या गाड्यांना फक्त मागच्या. नव्या तंत्राचा विजय दाखवायला याहून चांगले व्यासपीठ मिळाले नसते. प्रत्यक्षात मर्सिडीजचा लाउटेनश्लागर जिंकला, दुसरा आणि तिसरा क्रमांकही मर्सिडीजनेच घेतला, आणि महिना उलटण्याच्या आत युरोप युद्धात लोटला गेला. तंत्राचा इतिहास सरळ रेषेत लिहिणाऱ्यांना ही शर्यत अडचणीची वाटते. म्हणून ती बहुधा तळटीपेत जाते. युद्धानंतर १९१९ साली इस्पानो-सुइझाने गिअरपेटीच्याच शक्तीने ब्रेक ओढणारी यांत्रिक मदतनीस रचना आणली, रोल्स-रॉइसने तिचा परवाना घेतला, आणि चारचाकी ब्रेक हा शंकेचा विषय न राहता प्रतिष्ठेचा झाला. तरीही विसाच्या दशकात इंग्लंडमधील कित्येक गाड्यांच्या पाठीवर लाल त्रिकोण लावलेला असे: या गाडीला चारही चाकांवर ब्रेक आहेत, ती अचानक थांबेल, मागच्याने अंतर राखावे, असा त्याचा अर्थ. चांगला ब्रेक हा इतरांच्या जिवाला धोका आहे, असे जाहीर करणारी ती पाटी! आम्हांला तिचे फार अप्रूप वाटते.

२ डिसेंबर १९२७ रोजी फोर्डने मॉडेल ए लोकांपुढे आणली, तेव्हा चारही चाकांवर ब्रेक असणे ही तिची मोठी मिरवण्याची गोष्ट होती. १९३२ च्या आरंभापर्यंत अशा सुमारे ४८ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडील गाड्या बहुधा कॅनडामार्गे आल्या. १९२६ साली कॅनडाच्या फोर्ड कंपनीची उपकंपनी म्हणून फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे सुट्या भागांची जोडणी होऊ लागली. (जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला असेच काम सुरू केले होते. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात कापडगिरण्यांच्या सावलीत हे पान बरेचसे झाकलेले राहिले आहे.) आमच्या मित्राच्या आजोबांनी गाडी कोठून घेतली याचा कागद नाही, सुकाणू उजवीकडे आहे, एवढाच पुरावा.

या गाडीच्या ब्रेकची रचना शब्दांत मांडता येते, आणि तेच तिचे वैशिष्ट्य आहे. पेडल दाबले की एक छोटी दांडी ओढली जाते. ती गाडीच्या पोटाखालचा आडवा शाफ्ट किंचित फिरवते. या शाफ्टला जोडलेल्या चार लांब दांड्या चार चाकांकडे जातात; दोन पुढे, दोन मागे. प्रत्येक दांडी चाकाजवळचा एक लोखंडी आर्म ओढते आणि ड्रमच्या आतले दोन ब्रेक शू फाकून ड्रमला आतून घासू लागतात. वळत्या चाकांचा प्रश्न मोठ्या हुशारीने सोडवलेला आहे: चाक ज्या खिळीभोवती वळते ती किंगपिन पोकळ ठेवून तिच्यातून एक कांडी खाली सोडली आहे, चाक कितीही वळो, कांडी आपल्या जागी उभी राहते आणि आर्मचा दाब खाली पोचवते. दांड्या खडखडू नयेत म्हणून त्यांना स्प्रिंगा लावलेल्या आहेत.

आता सांधे मोजू. पेडलकडून शाफ्टकडे जाणाऱ्या दांडीला दोन टोके. चार लांब दांड्यांना प्रत्येकी दोन. म्हणजे दहा बेचक्या आणि दहा पिना. पेडलची स्वतःची कणी, आडव्या शाफ्टची बुशे, चाकाजवळच्या आर्मचे शाफ्ट हे वेगळे. समजा, प्रत्येक ठिकाणी नखाच्या जाडीची झीज झाली. पेडल हा तरफेचा लांब बाहू असल्यामुळे चाकाकडची ही चिमूटभर ढिलाई पायाखाली येईपर्यंत कित्येक पट होते. पेडल फरशीकडे जाऊ लागते. आणि दर चाकाची झीज सारखी नसल्यामुळे गाडी एका अंगाला ओढू लागते. आम्ही उतारावर अनुभवली ती हीच गोष्ट; पण आम्ही तिच्यावर जो उपाय केला तो नेमका निषिद्ध निघाला.

गाडीबरोबर मिळणाऱ्या सूचनापुस्तिकेचा आणि विक्रेत्यांसाठी निघणाऱ्या परिपत्रकांचा आग्रह असा की दांडीची लांबी एकदा नीट बसवल्यावर तिला हात लावायचा नाही. ब्रेकचे लायनर झिजतील. त्यासाठी प्रत्येक चाकाच्या मागच्या ताटलीवर बाहेरून फिरवता येणारा एक चौकोनी माथ्याचा खिळा दिलेला आहे. तो फिरवला की आतली पाचर ब्रेक शूंना थोडे फाकवते, आणि दर पायरीला हाताला ‘टिक्’ असा ठोका जाणवतो. झीज जेथे झाली तेथेच ती भरून काढावी, दूर दुसरीकडे नव्हे, हा त्यामागचा विचार. दांडी आखूड केली तर चाकाजवळचा आर्म विसाव्याच्या जागेवरून आधीच ओढलेला राहतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला आम्ही नाकाने अनुभवला: पेडल सोडले तरी ब्रेक सुटत नाही. दुसरा सूक्ष्म आहे. आर्म आणि दांडी यांच्यात काटकोन असताना ओढीचा पूर्ण उपयोग होतो. म्हणून विसाव्यात आर्म काटकोनाच्या अलीकडे झुकलेला असावा आणि पूर्ण ब्रेक लागताना काटकोनात यावा, अशी योजना असते. दांडी आखूड केल्यास आर्म आरंभीच काटकोनापाशी येतो आणि खरी गरज पडेल तेव्हा त्यापलीकडे जाऊन दुबळा होतो. म्हणजे ब्रेक सुधारल्यासारखा वाटतो आणि आणीबाणीत दगा देतो.

नीट बसवणीची पद्धत अशी. चारही चाके जमिनीपासून उचलावीत. पेडल पूर्ण मोकळे असताना चारही चाके हाताने मुक्तपणे फिरली पाहिजेत. इतकेच नव्हे, तर पेडलची पहिली थोडी हालचाल रिकामी गेली पाहिजे. गॅरेजांतून हिला ‘प्ले’ म्हणतात; आम्ही मोकळीक म्हणू. मग सीटच्या कडेला टेकवलेल्या एका लाकडी दांडक्याने पेडल थोडे दाबून ठेवावे; मागची चाके किंचित धरू लागतील, पुढची अजून मोकळी असतील. आणखी दाबावे, मागची जड होतील, पुढची धरू लागतील. प्रत्येक टप्प्यावर चाक हाताने फिरवून पाहायचे, डाव्याची उजव्याशी तुलना करायची, पाचरेचा खिळा एक ठोका पुढे किंवा मागे घ्यायचा. मागच्यांनी आधी धरावे या क्रमात सुकाणू हातचे जाण्याची ती जुनी भीती शिल्लक आहे. गाडी थांबताना तिचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि थांबवण्याचे मोठे काम तीच करू शकतात, हे आजच्या प्रत्येक गाडीच्या रचनेत गृहीत असते. १९२७ च्या दांड्यांत ते पुरते मान्य झालेले नव्हते.

येथे सहज मनात आले ते नोंदवतो. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. भ्रष्ट झालेली ओवी हातात आली की ती छंदात बसवण्यासाठी शेवटचा शब्द आखूड करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, आणि आम्ही त्यांना दटावतो: दोष जेथे शिरला ती जागा आधी शोधा. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नाना पाठ जमवून, ताडून. आणि आपल्या पदरची ओवी तीत कोणी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. वर्षानुवर्षे हे सांगणारे आम्ही गाडीखाली शिरल्यावर पहिल्याच मिनिटाला शेवटचा शब्द आखूड करून मोकळे झालो होतो. असो.

मॉडेल ए बाजारात आली तेव्हा दांड्यांचा प्रतिस्पर्धी आधीच रस्त्यावर होता. माल्कम लॉकहीड (विमानांच्या लॉकहीडचा हा भाऊ, मूळ आडनावाचे स्पेलिंग निराळे) याने दांडीच्या जागी द्रव वापरण्याची कल्पना पेटंट करून घेतली होती. १९२१ साली ल मां येथील फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने चारही चाकांवर द्रवाचे ब्रेक असलेल्या ड्युसेनबर्ग गाडीतून जिंकली, आणि त्याच सुमारास ड्युसेनबर्गने तशी गाडी विक्रीलाही आणली. पण ती श्रीमंतांची गाडी. १९२४ च्या क्रायस्लरने हे ब्रेक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. सुरुवातीच्या चामडी वाट्या गळत, त्यांच्या जागी क्रायस्लरच्या अभियंत्यांनी रबरी वाट्या बसवल्या. १९२८ पासून स्वस्त प्लिमथलाही ते मिळाले. तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कालचे: बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. चार चाकांना सारखी ओढ मिळावी म्हणून जे एकेक ठोका मोजत करावे लागे ते द्रव आपसूक करतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात आस वरखाली झाली की दांड्या उगाचच ओढल्या जात. रबरी नळीला त्याचे काही नाही. हा पराक्रम लहान नव्हे, आणि दांड्यांच्या प्रेमापोटी तो कमी लेखण्याचा आमचा विचार नाही.

मग हेन्री फोर्ड इतकी वर्षे अडून का बसले? १९३६ पर्यंत शेवरलेटही द्रवाकडे गेली; फोर्डच्या गाड्यांना १९३८ च्या नमुन्यांपर्यंत यांत्रिक ब्रेकच राहिले (शेवटची एकदोन वर्षे दांड्यांऐवजी तारदोर), आणि १९३९ च्या नमुन्यांना द्रवाचे ब्रेक आले. मुलगा एड्सेल बदलाच्या बाजूचा होता, वडील नव्हते. म्हाताऱ्याचा हेका, अशी याची वासलात बहुतेक इतिहासकार लावतात. कंपनीच्या जाहिराती मात्र एक निश्चित युक्तिवाद करीत होत्या: पेडलपासून चाकापर्यंत अखंड पोलाद आहे. त्यातला अध्याहृत भाग असा, की द्रव गळू शकतो, आणि गळेल तेव्हा तुम्हांला दिसणार नाही. फ्रान्समध्ये बुगाटीही १९३८ पर्यंत तारदोर सोडायला तयार नव्हता; त्याच्या गाड्या तर शर्यतींच्या.

हा युक्तिवाद फसवा होता का? अंशतः होय. दांड्यांची रोजची देखभाल कोण करणार, हा प्रश्न त्यात गाळलेला आहे. शेतकऱ्याने दर काही शे मैलांनी चाके उचलून ठोके मोजावेत ही अपेक्षा पुस्तिकेत शोभते. पण अंशतः तो खराही होता. जुन्या द्रवरचनेत एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब पुरवी. एक नळी फुटली की पेडल थेट फरशीला टेके आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. दांड्यांच्या गाडीत एक दांडी तुटली तर गाडी वाकडी ओढेल, पण तीन चाके उरतील. फोर्डने चार दांड्यांना जोडणारा समतोल साधणारा जू मध्ये घातला नव्हता, याचा हा एक लाभच होता. ही उणीव भरून काढणारी, दोन स्वतंत्र मार्गांची द्रवरचना अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना कायद्याने सक्तीची झाली ती १९६८ साली. म्हणजे फोर्डने दांड्या सोडल्यावर जवळजवळ ३० वर्षांनी. त्या ३० वर्षांत ‘ब्रेक फेल’ हा शब्दप्रयोग जगभरच्या बोलीत आणि आपल्या चित्रपटांच्या कथानकांत पक्का रुजला. आमच्या मते दांडीविरुद्ध द्रव हा वाद दिसणाऱ्या दोषाविरुद्ध न दिसणाऱ्या दोषाचा होता. समाजाने न दिसणारा दोष पत्करला, कारण तो क्वचित घडतो आणि त्याच्या बदल्यात रोजचे श्रम वाचतात. हा सौदा वाजवीच म्हणावा लागेल. पण तो सौदा होता; शोध लागला आणि अंधार संपला, अशी ती कथा नव्हे.

शिवाय द्रव आल्याने पेडलची मोकळीक संपली असेही नाही. पेडलची दांडी मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला ढकलते. या दोहोंत बारीकसे अंतर ठेवावेच लागते. ते ठेवले नाही तर दट्ट्या पुरता मागे येत नाही, द्रव टाकीत परतण्याचे सूक्ष्म छिद्र झाकलेले राहते, दाब अडकून पडतो आणि चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जातात. आम्ही डाव्या चाकाचे जे केले तेच, पण एकदम चारही चाकांचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचे काम ज्यांनी केले त्या कारागिरांना हे अंतर बोटाने कळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० म्हणून जन्मलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी, शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद होईपर्यंत, या शहरात चालली. तिच्याभोवती जी भाषा तयार झाली ती ऐकण्यासारखी आहे. ब्रेक ‘लागतो’, ‘धरतो’, ‘पकडतो’, ‘चिकटतो’, ‘ओढतो’. पेडल ‘खाली जाते’, त्याला ‘पंप मारावा’ लागतो. नळीत हवा शिरली तर ‘हवा काढावी’ लागते. मराठीत थांबवण्याचे जुने वाक्प्रचार जनावरांकडून आले: लगाम, वेसण, कासरा. ‘खीळ’ सुताराकडून आली. ‘उत्साहाला ब्रेक लागला’ हे आपण आता विचार न करता लिहितो. शासकीय कोशांनी घडवलेला ‘गतिरोधक’ मात्र रस्त्यावरचा उंचवटा होऊन बसला, गाडीत काही शिरू शकला नाही. गॅरेजातली क्रियापदे लेखनात अजून यायची आहेत. ‘ब्रेक चिकटला’ आणि ‘ब्रेक लागला’ यांतील फरक आमच्या कथाकारांपैकी किती जण नेमका वापरतील याबद्दल आम्ही साशंक आहोत.

ड्रम थंड झाल्यावर आम्ही गाडी हळूहळू परत आणली आणि तालुक्याच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी उमेदीची वर्षे घाटातल्या मालमोटारींवर काढलेली. गाडीखाली त्यांनी दिवा धरला, आमची आखूड केलेली दांडी पाहिली आणि विचारले, “मास्तर, ही कुणी कापली?” आम्ही आपली चूक कबूल केली. “दांडीची काय चूक हो? पिन बघितली का तुमी?” त्यांनी पिन काढून तळहातावर ठेवली. मधोमध ती चोखलेल्या गोळीसारखी बारीक झाली होती, आणि बेचकीचे भोक गोल न राहता लांबट. मग त्यांनी दहाही पिना काढवल्या आणि ओट्यावर ओळीने मांडल्या. दोन जरा बऱ्या होत्या. आडव्या शाफ्टला धरून त्यांनी वरखाली हलवले. तो बुशांत बोटभर नव्हे, पण स्पष्ट दिसेल इतका हलला. “आधी हे भरा. मग दांडी जाग्यावर आणा. मग ठोके मोजा. उलटं केलं तर घाटात मरशीला.”

घाटाचा उल्लेख त्यांनी उगाच केला नव्हता. या गाडीचे मूळ ड्रम पत्र्याचे आहेत. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला तर ते तापून फुगतात, शूंपासून दूर जातात, आणि पेडल पायाखालून निसटत खाली जाते. तेव्हा दांड्या कितीही नीट असोत, उपयोग होत नाही. म्हणून खंडाळ्याचा उतार जुने चालक खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या अडवणुकीवर उतरत आणि ब्रेक राखून ठेवत. आधीच अर्धवट आवळलेला ब्रेक घेऊन कोणी बोरघाट उतरू लागला असता तर त्याचे ड्रम अमृतांजन पुलाच्या आधीच लाल झाले असते.

मिस्त्रींनी बेचक्यांची भोके मोठी करून त्यांत बुशे ठोकली आणि नव्या पिना खरादीवर करवून आणल्या. दांड्या लांबीला आणताना त्यांनी मोजपट्टी वापरली नाही. आर्म विसाव्यात ठेवून, बेचकी ओढाताण न करता पिनेवर स्वतःहून बसते की नाही एवढे पाहिले. पिन दोन बोटांनी आत जायला हवी, हातोडी लागता कामा नये. पुस्तिकेतही वेगळ्या शब्दांत हेच आहे, हे आम्हांला नंतर समजले. मग चाके उचलली, पेडलवर दांडके टेकवले, आणि दिवसभर आम्ही चौघे आळीपाळीने चाके फिरवीत ठोके ऐकत बसलो. संध्याकाळी गाडी उतारावर नेली. ती सरळ थांबली; थांबायला आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा बरेच अंतर घेऊन, पण सरळ. चारही ड्रमांना हात लावून पाहिले, कोमट होते.

मागच्या डाव्या चाकाची पिन मात्र जुनीच आहे. खरादीवाल्याने एक कमी केली होती. पावसाळ्यानंतर ती बदलायला येतो, असे मिस्त्री सांगून गेले आहेत. तोवर त्या चाकाचा खिळा महिन्याला एकदा तपासायचा आणि दांडीला हात लावायचा नाही, असे ठरले आहे.